पटाची फूटपट्टी कोणाच्या पोरांवर?

लातूर पॅटर्नचे गोडवे गाणारे रेणापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांबद्दल गप्प का? १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट २० च्या आत गेला की शिक्षकाचे पदच नाही. पुण्याला आणि आमच्या वाडी-तांड्याला एकच फूटपट्टी! ऐपतवाल्यांची पोरे इंग्रजी शाळेत गेली, ऊसतोड्यांची कोयत्यामागे. उरली ती मजुरांची, बौद्ध वस्तीतली. शिक्षा त्यांनाच?

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारला सुनावले होते: अबकारीतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा. सारखा नियम म्हणजे समता नव्हे. पट नको, मागासलेपण पाहून पैसा द्या. मित्रांनो, ग्रामसभेत विचारा: आपल्या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती?

जय भीम!