पीएचडीला ‘उपयोग काय?’ विचारण्याआधी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीचे नाव कोळसा आणि रेल्वे जंक्शन यांपलीकडे सहसा निघत नाही. तिथल्या एमएस्सी झालेल्या एखाद्या मुलीने अचूक सुटणाऱ्या क्वांटम प्रणालींवर पीएचडी करायची म्हटली, तर घरापासून कॉलेजपर्यंत पहिला प्रश्न एकच येईल : याचा उपयोग काय? चंद्रपूर-गडचिरोलीत प्रदूषण, वनहक्क, सिकलसेल असे विषय समोर असताना हा प्रश्न गैर नाही. पण त्यातून ‘इथल्या मुलांनी इथल्याच प्रश्नांवर संशोधन करावे’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मान्य होण्यासारखा नाही. मूलभूत विज्ञान मुंबई-पुण्याचे आणि मागासलेपणाचा अभ्यास तेवढा आमचा, अशी वाटणी त्यातून होऊन बसते.

या विषयाचेच उदाहरण घ्या. १९६९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार आणि त्यांचे विद्यार्थी दीपन घोष यांनी चुंबकीय अणूंच्या साखळीचे एक गणित सोडवले. प्रत्येक अणूचे शेजाऱ्याशी जेवढे वैर, त्याच्या निम्मे शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी. सगळ्यांचे समाधान होणे शक्यच नाही. मग अणू दोन-दोनच्या जोड्या करून बसतात आणि जोडीबाहेर कोणाला दाद देत नाहीत. लगतचे तीन-तीन अणू घेऊन ताळा केला की याहून कमी ऊर्जेची अवस्था असूच शकत नाही, हे पानभर आकडेमोडीत पटते. मजुमदारांचेच दुसरे विद्यार्थी श्रीराम शास्त्री. त्यांची बीएस्सी नागपूर विद्यापीठाची, आणि चंद्रपूर तेव्हा त्याच विद्यापीठात होते. शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये जोड्यांची ही कल्पना सपाट जाळीवर नेली. तसा चुंबक तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की स्ट्रॉन्शियम, तांबे आणि बोरॉनच्या एका ऑक्साइडमध्ये तांब्याचे अणू त्याच नक्षीत बसलेले आहेत. १९८१ मध्ये ‘उपयोग काय?’ याचे उत्तर शास्त्रींनाही देता आले नसते.

‘खऱ्या पदार्थांचे गणित असे सुटत नाही, मग या खेळण्यांत वर्षे का घालवायची?’ हा आक्षेप खुद्द भौतिकशास्त्रातलाच, आणि अर्धा खरा. पण संगणकही लवकरच हात टेकतो. नुसते ४० स्पिन, म्हणजे असे ४० चुंबकीय अणू, घेतले तरी अवस्थांची संख्या एक लाख कोटींच्या पुढे जाते. मग अंदाजाच्या पद्धती आल्या, आणि त्या तपासायला उत्तर आधीच पक्के ठाऊक असलेले गणित हवे. केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सुमारे ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून उभी राहणारी यंत्रे खरे बोलतात की नाही, हे पाहायलाही अशीच गणिते उपयोगी पडतील.

नोकरीचा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्राध्यापकांच्या जागा थोड्या, भरती रखडलेली. मात्र ही अडचण स्थानिक विषयावर पीएचडी करणाऱ्यालाही चुकत नाही. उलट या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही. वही, साधा संगणक आणि इंटरनेटवर फुकट मिळणारे शोधनिबंध पुरतात. महाग असते ती जाणत्या मार्गदर्शकाची संगत, आणि ती शास्त्रींनाही मुंबईत जाऊनच मिळाली. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी आहे. त्याने टाटा संस्थेतला किंवा आयआयटी मुंबईतला सहमार्गदर्शक मिळवून द्यावा, वर्षातले काही महिने तिथे राहण्याचा खर्च उचलावा आणि फेलोशिप महिन्याच्या महिन्याला हातात पडेल हे पाहावे. एखाद्या बऱ्यापैकी उपकरणाच्या किमतीत असे दोन-तीन विद्यार्थी सहज निघतील.