कॅल्क्युलेटरच्या ठेक्यावरचं हिट गाणं

रील बनवताना तुम्ही ॲपमधला तयार बीट उचलता ना? जर्मनीच्या ट्रिओ या तिघांच्या बँडने १९८२ मध्ये तेच केलं. 'दा दा दा'साठी त्यांनी कॅसिओ व्हीएल-१ मधला तयार ठेका घेतला. हा चिमुकला कीबोर्ड चक्क कॅल्क्युलेटरही होता! गाणं जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत पोचलं.

पण तो ठेका तर कीबोर्ड विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे होता. मग यांचंच का चाललं? माझ्या मते, त्यांनी त्यावर फारसं काही चढवलंच नाही. सपाट आवाज, थोडी गिटार, बाकी मोकळी जागा. १९९७ मध्ये फोक्सवॅगनच्या अमेरिकन जाहिरातीतून ते पुन्हा गाजलं.

आता एआय ॲप एका ओळीवरून अख्खं गाणं भरून देतं. मी तरी आधी त्यातले निम्मे ट्रॅक म्यूट करून ऐकतो.