'संमोहित' करणारी कादंबरी?

'वाचकाला संमोहित करणारी कादंबरी' हे वाक्य परीक्षणांतून इतके रुळले आहे की त्यातील शब्दाचा अर्थ कोणी तपासत नाही. संमोहनाच्या मुळाशी 'मुह्' हा संस्कृत धातू आहे; त्याचा अर्थ गोंधळणे, भान हरपणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून संमोह उपजतो आणि त्यापाठोपाठ स्मृती ढळते.

इंग्रजी 'हिप्नॉटिझम'मागे निद्रेचा ग्रीक शब्द आहे. १८४३ च्या ग्रंथातून तो रूढ करणारे स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांना पुढे जाणवले, की ही निद्रा नव्हे. हे एकाच कल्पनेवर खिळलेले अवधान आहे. १८४७ मध्ये त्यांनी 'मोनोआयडिइझम' हा शब्द सुचवला. तोवर जुना शब्द पक्का झाला होता.

आपल्या बोलीतली 'भूल' आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. रानात वाटसरूला पडते तीही भूल, शस्त्रक्रियेपूर्वी देतात तीही भूल. दोन्हींत माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो.

म्हणून समीक्षकाने 'संमोहित' लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे: वाचताना आपला विवेक निजला होता, की एकाग्र झाला होता? निजला असेल, तर ती त्या कादंबरीची प्रशंसा ठरत नाही.