कात्रीची साक्ष



घरोघरीं हल्लीं ज्या चित्रमालिका आवडीनें पाहिल्या जातात, त्यांत खऱ्या गुन्ह्यांवरील माहितीपटांचा भरणा मोठा आहे. कल्पित हेरकथा वाचणारा मनुष्य पुस्तक मिटतांच तींतील खून विसरूं शकतो. कारण त्या कथेंत मेलेला इसम मुळीं जन्मलाच नव्हता. माहितीपटाची गोष्ट निराळी. त्यांत मेलेला माणूस खरा, त्याची रडणारी आई खरी, आणि ज्याच्याकडे बोट दाखविलें जातें तोहि खराच असतो. म्हणून असले चित्रपट कसे घडविले जातात हें समजून घेणें हा केवळ करमणुकीचा विषय नाहीं. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: या चित्रपटांत जे लोक बोलतात, त्यांच्याखेरीज आणखी एक साक्षीदार सतत बोलत असतो, आणि तो म्हणजे संकलकाची कात्री. न्यायालयांतील साक्षीदारास शपथ घ्यावी लागते व उलटतपासणीस तोंड द्यावें लागतें. या साक्षीदारास मात्र दोन्ही चुकल्या आहेत. त्याची उलटतपासणी प्रेक्षकानेंच घेतली पाहिजे.

प्रथम कॅमेऱ्याकडे पाहूं. मुलाखत देणारास उजेडांत बसवून भोंवतीं काळोख ठेवला, कीं त्याच्या शब्दांना आपोआप गूढपणा येतो. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ सरकूं लागला, कीं आतां हा कांहीं तरी कबूल करणार अशी आपली खात्री होते. तो बिचारा कदाचित् पाणी मागणार असेल! त्याच्या जोडीला मंद, एकसुरी संगीत घातलें, म्हणजे साधें मौनहि अपराध्याचें मौन भासूं लागतें. यांपैकीं एकहि गोष्ट पुरावा नव्हे. तरी आपलें मत मात्र त्यांनींच अर्धेंअधिक बनलेलें असतें.

संकलनाची शक्ति याहून मोठी आहे. रशियांतील चित्रपटशिक्षक लेव कुलेशोव्ह यानें सुमारें १९२० सालीं एक प्रयोग केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यानें एकदां सूपाच्या बशीच्या चित्राला जोडला व एकदां शवपेटीच्या चित्राला जोडला. प्रेक्षकांना पहिल्या वेळीं त्या चेहऱ्यावर भूक दिसली व दुसऱ्या वेळीं शोक दिसला, असें सांगतात. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता. आतां असें समजा कीं, पोलीस अधिकारी रक्ताच्या डागांविषयीं बोलत आहे, आणि त्यालाच लागून संशयिताचा भलत्याच दिवशीं टिपलेला चेहरा पडद्यावर आला. त्या चेहऱ्यावर आपणांस काय दिसेल, हें सांगावयास पाहिजे काय?

तथापि हीं साधनें मुळांतच वाईट आहेत असें कोणी समजूं नये. त्यांचा सदुपयोग पाहावयाचा असेल, तर एरॉल मॉरिस या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९८८ सालच्या ‘द थिन ब्ल्यू लाइन’ या चित्रपटाकडे वळावें. टेक्सास प्रांतांतील डॅलस शहरीं नोव्हेंबर १९७६ मध्यें एका रात्रीं पोलिसानें एक मोटार थांबविली आणि आंतील इसमानें त्याला गोळ्या घालून ठार केलें. सोळा वर्षांच्या एका मुलाच्या व इतर कांहीं साक्षीदारांच्या सांगण्यावरून रँडल अ‍ॅडम्स यास १९७७ सालीं देहान्ताची शिक्षा झाली. पुढें ती जन्मठेपेवर आली. मॉरिसनें तो प्रसंग नट घेऊन पुन्हां उभा केला. परंतु एकदां नव्हे, अनेकदां. ज्याची मुलाखत चालू, त्याच्या म्हणण्याप्रमाणें तो प्रसंग पडद्यावर नव्यानें घडे. मृत पोलिसाची सहकारी स्त्री कधीं गाडीबाहेर उभी दिसे, तर कधीं गाडींतच बसलेली दिसे. तिचा दुधाच्या पेयाचा पेला हवेंत उडून रस्त्यावर पडतो, तें दृश्य तर अत्यंत संथ गतीनें दाखविलें आहे. हा नुसता थाटमाट नव्हता. ती आंत बसून पेय पीत होती, कीं बाहेर उभी राहून गुन्हेगाराकडे पाहत होती, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर तिच्या साक्षीची किंमत अवलंबून होती.

साक्षी एकमेकींशीं जुळत नाहींत हें प्रेक्षक अशा रीतीनें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. ‘घडलें तें हेंच’ असें म्हणून मॉरिस एकहि दृश्य पुढें करीत नाहीं. तो मुलगा मोठा झाल्यावर त्याची जी शेवटची महत्त्वाची मुलाखत झाली, त्या वेळीं कॅमेरा बिघडला होता व केवळ आवाज हातीं आला. मॉरिसनें तेथें कसलेंहि बनावट चित्र न घालतां नुसतें ध्वनिमुद्रणाचें यंत्र पडद्यावर दाखविलें. त्या आवाजांत अ‍ॅडम्स निर्दोष असल्याची जवळजवळ कबुलीच होती. १९८९ सालीं अ‍ॅडम्सची शिक्षा रद्द झाली, आणि बारा वर्षांहून अधिक काळ बंदिवासांत काढलेला तो मनुष्य मोकळा झाला.

आतां याच्या उलट उदाहरण. २०१५ सालीं अँड्र्यू जारेकी याची ‘द जिंक्स’ ही सहा भागांची मालिका अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील एका धनाढ्य घराण्याचा वारस रॉबर्ट डर्स्ट याच्यावरील खुनांच्या संशयाचा तींत शोध घेतला आहे. मालिकेनें एक मोलाचा पुरावा पुढें आणला: खुनानंतर पोलिसांना आलेलें निनांवी पत्र व डर्स्टनें पूर्वीं पाठविलेलें पत्र, या दोहोंच्या लिफाफ्यांवरील अक्षर सारखें होतें आणि ‘बेव्हर्ली’ या शब्दांतील चूकहि तीच होती. येथवर सर्व ठीक. परंतु शेवटीं डर्स्ट स्नानगृहांत जातो, अंगावरील मायक्रोफोन तसाच चालू असतो, आणि तो स्वतःशीं पुटपुटतो. मालिकेंत ऐकूं येतें तें असें: मीं केलें तरी काय, हा प्रश्न, आणि पाठोपाठ, सर्वांना ठार केलें, हें उत्तर. पुढें खटल्याच्या कामांत २०१९ सालीं मूळ बोलण्याची शब्दशः प्रत दाखल झाली. तेव्हां दिसून आलें कीं, ठार केल्याचे शब्द तो आधीं बोलला होता, मध्यें दुसरींच कांहीं वाक्यें होतीं, आणि तो प्रश्न मागाहून आला होता. प्रश्नोत्तराची ती जोडी त्याच्या तोंडून निघालीच नव्हती. ती संकलनाच्या मेजावर जमली होती.

यावर कोणी म्हणेल, ‘डर्स्टला २०२१ सालीं खुनाबद्दल दोषी ठरविण्यांत आलेंच, मग एवढा कीस कशास काढावा?’ आक्षेप साधा नाहीं, पण तो मला मान्य होत नाहीं. खऱ्या पुराव्याला खोटें ठिगळ लावल्यानें तो बळकट न होतां उलट संशयास्पद होतो; लिफाफ्यावरील अक्षर आपल्या बळावर उभें होतें. शिवाय मोठी हानि प्रेक्षकाची होते. वाक्यें हलवून केलेली कबुली ज्यानें एकदां टाळ्या वाजवून स्वीकारली, तो पुढच्या वेळीं निरपराध्याची कबुलीहि तितक्याच आनंदानें स्वीकारील. कात्रीला दोषी व निर्दोषी यांतला भेद कळत नाहीं.

उघड फेरफारापेक्षां वगळणें अधिक अवघड असतें, कारण जें गाळलें तें दिसत नाहीं. ‘मेकिंग अ मर्डरर’ या २०१५ सालच्या मालिकेंत कित्येक आठवडे चाललेला खटला थोड्या तासांत बसविला आहे. आपली साक्ष कापून जोडल्यामुळें आपली बदनामी झाली, असा दावा एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानें लावला. २०२३ सालीं न्यायाधीशांनीं तो फेटाळला. कायद्याला जें चालतें तेवढ्यावर समाधान मानावें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र प्रेक्षकापुरता शिल्लक राहतो. आपल्या मुंबईंतहि २०२४ सालीं असा प्रसंग आला. खटला चालू असलेल्या एका खुनाच्या प्रकरणावरील मालिका थांबवावी अशी विनंति तपासयंत्रणेनें उच्च न्यायालयास केली. न्यायमूर्तींनीं ती मालिका आधीं स्वतः पाहिली व मग स्थगिति नाकारली. मत देण्यापूर्वीं संपूर्ण पाहणें, एवढा धडा तरी आपण त्यांच्यापासून घ्यावा.

मुलांनो, यापुढें असा चित्रपट पाहतांना चार प्रश्न मनाशीं विचारीत जा. हें दृश्य त्या वेळचें, कीं नटांकडून करवून घेतलेलें? बोलणाराचें तोंड दिसत असतांना शब्द ऐकूं येतात, कीं दुसरेंच चित्र दाखवून खालून आवाज सोडला आहे? संगीत बंद केलें तर हीच शंका उरेल काय? आणि कोणाची बाजू मुळींच ऐकूं आली नाहीं? पालकांनीं पडदा काढून टाकण्यापेक्षां मुलांच्या शेजारीं बसून हे प्रश्न स्वतःहि विचारावे. त्यानें गोष्टीची गोडी थोडी कमी होईल खरी. परंतु पडद्यावरच्या त्या अनोळखी मनुष्यास, तो दोषी असो वा निर्दोषी, जेवढा न्याय आपल्या हातून होण्याजोगा आहे तेवढा तरी होईल.