दप्तर एकदा तोलून पाहा

दिवाळीच्या आवराआवरीत परभणीच्या आमच्या गल्लीत रद्दीवाला येऊन गेला. रद्दी तोलून झाल्यावर मी म्हटले, "भाऊ, तेवढे आमच्या नातवाचे दप्तरही लावा काट्याला!" भरले साडेपाच किलो. नातू पाचवीत, आणि त्याचे स्वतःचे वजन २७ किलो.

दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्येच ठरवून दिले आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. म्हणजे आमच्या स्वारीच्या पाठीवर पावणेतीन किलोच्या आतच ओझे हवे. होते त्याच्या दुप्पट!

नियमाने ओझे आपोआप उतरत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी स्वतःच पत्रकार परिषद घेतली. पाच ते सात किलोंचे दप्तर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढावे लागते, असे सांगून त्यांनी उपोषणाचा इशारा दिला. जे आईबापांनी बोलायचे, ते लेकरांना बोलावे लागले.

जड दप्तर मागे ओढते, म्हणून मूल कमरेतून पुढे वाकते, मान पुढे काढते. एकाच खांद्याला अडकवले तर अंग एका बाजूला कलते. मग पाठ, मान, खांदे दुखू लागतात. मुलाने तसे सांगितले तर घरात उत्तर तयार असते, "अभ्यास टाळायची निमित्ते!"

आमचे दप्तर मी उलटे केले. त्या दिवशी तास नसलेल्या विषयांची तीन पुस्तके, दोनशे पानी वह्या, शिकवणीच्या वह्या, रंगपेटी आणि लिटरभर पाण्याची बाटली. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो! परभणीच्या उन्हात पाणी तर हवेच. पण शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी मिळाले, तर हा एक किलो तिथेच उतरेल. पालकसभेत हा प्रश्न आधी विचारा.

तेव्हा गृहिणींनो, आणि वर्तमानपत्राआड बसलेल्या गृहस्थांनो, सुटी संपली की एवढे करा. रोज रात्री वेळापत्रक पाहून मुलालाच दप्तर भरू द्या. आपण नुसते शेजारी बसा. वह्या शंभर पानी घ्या. जड पुस्तके पाठीच्या बाजूला ठेवा. पट्टे रुंद असावेत, ते दोन्ही खांद्यांवर घ्यावेत, आणि दप्तर कमरेखाली लोंबू देऊ नये.

फराळ, फटाके, नवे कपडे हे सारे आपण लेकरांसाठी हौसेने करतो. त्यात यंदा हलक्या दप्तराची भर घाला. पैसा लागत नाही, रोजची दहा मिनिटे लागतात.