लांब नाकाचा ट्रक
भातसा नदीकाठच्या सापगावात या आठवड्यात एका घराच्या मांडवाखाली लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक दिसला आणि माझा पाय तिथून निघेना. बाप इंजिनात डोकं घालून बसलेला, नात रेडिएटरच्या जाळीवरचा गंज पॉलिश पेपरने घासतेय, आणि समईसाठी भिजवलेली चिंच आजी दिव्यांच्या पितळी कड्यांना चोळतेय. टाटांच्या जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यातून असा पहिला ट्रक १९५४ मध्ये बाहेर पडला. जर्मन कंपनीशी असलेला करार १९६९ मध्ये संपला आणि नाकावरचा मर्सिडीजचा तारा जाऊन तिथे ‘टी’ आला. कारखान्यातून बहुधा नुसती चॅसी यायची. केबिन आणि हौदा बांधायचे ते आपले सुतार. या घरानेही दाराची कुजलेली चौकट उतरवली, तर आत जुन्या सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा शाबूत! नव्या सागाला त्याच मापाने खाचा पाडल्यात. आता कायदा बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या खासगी दुचाकींना आणि मोटारींना ‘व्हीए’ मालिकेचा मानाचा क्रमांक मिळतो. ट्रकला तिथे जागाच नाही. हे साफ चूक आहे. नाशिकचा कांदा कसारा घाट उतरून मुंबईत आणला तो ट्रकने, संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसने नव्हे. नियमात एक ओळ वाढवा आणि माल न वाहण्याच्या अटीवर या ट्रकलाही ‘व्हीए’ क्रमांक द्या.