गाठ काढली, पण ‘ईआर-पीआर-हर टू’चा रिपोर्ट कुठंय?

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मोठी घोषणा झाली. तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कॅन्सर सेंटर, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. केमोसाठी मुंबई-पुण्याच्या चकरा वाचणार असतील तर गावाकडच्या पेशंटसाठी ही चांगलीच बातमी. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये सलाईन लावण्याआधी एक प्रश्न सुटावा लागतो: औषध कोणतं द्यायचं?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांवर महिलांचा मृत्यू झाला. या सगळ्यांचा आजार एकसारखा नसतो. गाठीच्या तुकड्यावर तीन तपासण्या करून तो ओळखतात: ईआर, पीआर आणि हर टू. यांनाच बायोमार्कर म्हणतात.

कोणत्या रिपोर्टला कोणतं औषध?

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते. अशा वेळी टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी किमान पाच वर्षं चालते. गोळी स्वस्त आहे आणि आजार उलटण्याचा धोका ती बराच कमी करते. निगेटिव्ह असेल तर याच गोळीचा उपयोग नाही.

हर टूचा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. त्यावर ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे. २+ आला तर निकाल अर्धवट समजायचा आणि ‘फिश’ नावाची पुढची तपासणी करायची. हे इंजेक्शन महागडं. पण २०१४ पासून भारतीय बनावटीचं औषधही बाजारात आहे. तिन्ही निगेटिव्ह आले तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, तिथं मुख्य भिस्त केमोवर.

म्हणजे रिपोर्टच नसेल तर उपचार अंदाजपंचे. ज्या बाईला स्वस्त गोळीनं फायदा झाला असता, तिला ती मिळतच नाही.

घोडं अडतं कुठं?

ही तपासणी सहसा तालुक्याला होत नाही, तुकडा मोठ्या लॅबला जातो. खरी गडबड त्याआधीच होऊ शकते. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये जायला हवा. उशीर झाला किंवा भलत्याच द्रावणात ठेवला तर पॉझिटिव्ह गाठही निगेटिव्ह दिसू शकते. म्हणून नुसत्या खुर्च्या-सलाईनचं सेंटर पुरणार नाही. तालुक्यातून लॅबपर्यंत नमुना नीट आणि वेळेत पोचवण्याची सोय, आणि रिपोर्ट किती दिवसांत मिळणार याची मुदत, हे दोन्ही ठरलं पाहिजे. लोकप्रतिनिधींना विचारायचा प्रश्न हाच आहे.

घरच्यांनी काय करावं?

- गाठ थेट कापून टाकण्याआधी सुईची बायोप्सी होईल का, हे विचारा.
- काढलेली गाठ फेकू देऊ नका, ती तपासणीला गेलीच पाहिजे.
- ईआर, पीआर, हर टूचा लेखी रिपोर्ट मागून घ्या.
- मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड सांभाळून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात त्यावरूनच फेरतपासणी होते.
- महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तपासणी त्यात बसते का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा.

एक गल्लत मात्र टाळा. ‘सीए १५-३’ ही रक्ताची तपासणी वेगळी. धडधाकट बाईला कॅन्सर आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. कुणी पॅकेजमध्ये ती करून ‘सगळं नॉर्मल’ म्हटलं म्हणून हाताला लागणारी गाठ अंगावर काढू नका. गाठ दुखत नसली तरी दाखवायचीच.